ऋतुराज वसंत यांचे आडनाव

चिखलात खेळायला परवानगी लागते, हे मला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. आमच्या लहानपणी चिखल आपणहून भेटायचा, आणि पाठीत धपाटा मिळायचा तो खेळून झाल्यावर. आता क्रम बदललाय. आधी अर्ज, मग चिखल, आणि धपाटा ज्याने अर्ज लिहिला त्याला.

अर्ज मी लिहिला होता. मी पाणीमीटर खात्यात पत्रव्यवहार बघतो. एकोणीस वर्षं बघतोय, आणि माझ्या मसुद्यात वरिष्ठांनी काना-मात्रा बदललेली मला आठवत नाही. (पूर्ण वाचल्याचंही आठवत नाही, पण तो वेगळा विषय.) मीटर बंद पडल्याची साधी नोटीस मी अशा भाषेत लिहितो की एकदा एक गृहस्थ ती घेऊन नव्या शर्टात सहकुटुंब कचेरीत आले होते. त्यांना वाटलं, सत्कार आहे. अशा माणसाने बागखात्याला अर्ज लिहायला घेतल्यावर तो साधा कसा असणार?

पण अर्जाच्या आधी बालवाडी आली. आमची बिट्टी साडेचार वर्षांची आहे. घरी तिचं तोंड मिटत नाही. उशांना ओळीत बसवून ती शाळा घेते, एका उशीला ओरडते, दुसरीला शाबासकी देते. बालवाडीत मात्र सात महिने झाले, ती खिडकीखालच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसून असते. रडत नाही, हट्ट करत नाही. बाकीची एकवीस मुलं खेळतात ते बघते. कुणी मातीचा गोळा पुढे केला, तर "हात घाण होतात" म्हणून दोन्ही हात पाठीमागे नेते.

बाईंनी हे मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून सांगितलं. "तिला सगळं कळतं हो, बिट्टीचे बाबा. पण एकदा तरी तिने दुसऱ्या मुलांच्या खेळात उतरायला हवं. एकदा उतरली की मग काळजी नाही."

मला ते फार लागलं. कारण हात पाठीमागे नेण्याची विद्या तिने कुठून घेतली हे मला पक्कं ठाऊक होतं. दाराची कडी मी कोपराने उघडतो. चहाच्या आधी हात धुतो, चहानंतर धुतो, आणि मधे कुणी भेटून हातात हात दिला तर चहा ठेवून पुन्हा धुतो. खाण तशी माती म्हणतात, पण आमच्या खाणीत माती औषधाला नव्हती.

बाईंनी त्याच वेळी एक कागद दाखवला होता. वर लिहिलं होतं, 'वसंतातले खेळ'. खाली दोन रकाने. घरातले खेळ: पानांचे ठसे, बटाट्याचे शिक्के, ओल्या कापसावर बी पेरणं, कागदाची भिंगरी. बाहेरचे खेळ: साबणाचे फुगे, मुंग्यांची रांग शोधणं, पाचोळ्यात उड्या आणि चिखलाचं स्वयंपाकघर. घरातलं बाई बघणार होत्या. बाहेरचं बघायला एक पालक हवा होता. बालवाडीच्या मागेच सार्वजनिक बाग आहे, तिच्या एका कोपऱ्यात काहीच लावलेलं नाही, नुसती भुसभुशीत माती. बाई म्हणाल्या, उघड्यावर काही मुलं एकदम मोकळी होतात. मी म्हणालो, मी करतो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चिखलाचं? तुम्ही?" मग म्हणाली की आधी घरात सराव करा, निदान काय काय सांडतं ते तरी कळेल.

सराव सुरू झाला आणि शेजारचे काका आले. काका निवृत्त इंजिनिअर आहेत. हयातभर धरणं बांधली, त्यामुळे दोन चमचे पाण्यातही त्यांना दाब दिसतो. साबणाचे फुगे हा शब्द त्यांच्या कानावर पडला आणि पुढचे चार दिवस आमच्या घरात धरणाचं काम चालल्यासारखी गडबड होती. साबण किती, पाणी किती, साखर किती, पाणी मुरवायचं किती तास, सगळ्याची वही झाली. काकांचं म्हणणं, फुगा हा तोंडाने फुंकायचा प्रकारच नाही, ती मागासलेली पद्धत. तारेचं हातभर व्यासाचं कडं पाहिजे. ते कडं त्यांनी केलं. साबणाचं पाणी घंगाळभर झालं. घंगाळ जिन्यात नेलं, कारण तिथे वारा बरा असतो असं त्यांचं निरीक्षण होतं. पहिला फुगा खरोखर माझ्या उंचीचा झाला. तो बघायला काका एक पाऊल मागे सरले आणि साबणाच्या पाण्यावरून बसल्या बसल्या सहा पायऱ्या खाली गेले. चेहऱ्यावरचा अभ्यासू भाव सहाही पायऱ्या तसाच होता. खाली पोचल्यावर त्यांनी वर बघून सांगितलं की साखर जास्त झाली आहे.

घरातले बाकीचे खेळही यथासांग पार पडले. कापसावर पेरलेल्या बीला मी इतकं पाणी घातलं की ते उगवण्याऐवजी कुजलं आणि दोन दिवस सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते. पानांच्या ठशांसाठी मी कपाटावरचे पाठकोरे कागद घेतले, त्यातले तीन पाठकोरे नव्हते. ते कचेरीचे होते. एका ग्राहकाला आता मीटर तपासणीचं पत्र जाईल, त्यावर हिरवं पान छापलेलं असेल. बिट्टी हे सगळं सोफ्यावर पाय वर घेऊन बघत होती. मधूनमधून मला पुसायला फडकं आणून द्यायची. हात मात्र तिने कशाला लावला नाही.

पण चौथ्या दिवशी तिने विचारलं, "बाबा, चिखलात खरंच गांडूळ असतं?"

मी म्हणालो, असतं. मग ती आत गेली, कपाटाच्या खालच्या खणातून स्वतःचा जुना, कोपरावर विरलेला फ्रॉक काढून आणला आणि खुर्चीवर ठेवला. बागेच्या दिवशी हाच घालायचा म्हणाली. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे बघितलं. त्या दिवसापासून तो फ्रॉक त्या खुर्चीवरून हलला नाही आणि आम्हीही कुणी त्या खुर्चीवर बसलो नाही.

आता काही झालं तरी बागेचा दिवस व्हायलाच हवा होता.

अर्ज लिहायला बसलो. बायको म्हणाली, "सरळ लिहा ना. बालवाडीची मुलं बागेच्या कोपऱ्यात दोन तास मातीत खेळणार आहेत, परवानगी द्या." मी तिला समजावलं की असं लिहिलं तर बागखातं काय म्हणेल? कुणीही उठून लिहिल्यासारखं वाटेल. मग मी माझ्या पद्धतीने लिहिलं. ते वाक्य मला अजून पाठ आहे, आणि इतरांनीही ते मला विसरू दिलेलं नाही: 'ऋतुराज वसंत यांच्या आगमनानिमित्त आपल्या अखत्यारीतील उद्यानात बालकांकरवी निरीक्षण, मृत्तिकास्पर्श व तदनुषंगिक उपक्रम योजिले असून त्यास अनुमती मिळावी.' वसंताला आदरार्थी 'यांच्या' लावताना मी क्षणभर थांबलो होतो. पण राजा म्हटल्यावर एकेरी कसं लिहायचं?

बागखात्यातल्या कारकुनाने अर्ज घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एक छापील फॉर्म पुढे ओढून अर्जावरचं त्यात उतरवू लागला. कार्यक्रमासाठी कोण येणार, त्यांचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सोबत कुटुंब आहे काय, असे रकाने होते. त्याने लिहिलं: स्वतःचं नाव, ऋतुराज. वडिलांचं नाव, वसंत. मग पेन थांबलं.

"आडनाव राहिलंय," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"हे येणार आहेत त्यांचं."

मी त्याला सांगितलं की अहो, ऋतुराज म्हणजे ऋतूंचा राजा, म्हणजे वसंत, म्हणजे तो वसंत ऋतू. तो म्हणाला, असतील राजे, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी पुन्हा समजावायला गेलो, तर माझ्यामागे रांग लागली होती. एकाच्या खिडकीत झाडाची फांदी आली होती आणि ती आणखी किती आत येईल हे तो सगळ्या रांगेला सांगत होता. कारकून म्हणाला, "साहेब, आडनाव लिहा नाहीतर अर्ज परत घ्या." अर्ज परत घ्यायचा म्हणजे मसुद्यात चूक निघाल्यासारखं होतं. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी ताठ आवाजात म्हटलं की त्यांना आडनाव लागू नाही.

"मग तसं लिहा," असं म्हणून त्याने फॉर्म माझ्याकडे फिरवला.

मी लिहिलं. माझ्या ठेवणीतल्या अक्षरात, 'लागू नाही'. रकाना अरुंद होता, माझं अक्षर ऐसपैस. 'लागू' आडनावात बसलं आणि 'नाही' शेजारच्या रकान्यात गेलं. कारकुनाने शिक्का मारला. मी खूश होऊन घरी आलो आणि कचेऱ्यांत काम कसं करून घ्यावं यावर बायकोला थोडं सांगितलंही.

परवानगीचं पत्र बागेच्या दिवसाच्या बरोबर चार दिवस आधी आलं. लिहिलं होतं: 'श्री. ऋतुराज वसंत लागू (कुटुंब सोबत नाही) यांच्या आगमनानिमित्त बालकांना उपस्थित राहण्यास परवानगी देण्यात येत आहे. श्री. लागू यांना बालकांचा उपद्रव होणार नाही याची दक्षता अर्जदाराने घ्यावी.'

मी ते तीनदा वाचलं. मग बायकोने वाचलं. ती आधी खुर्चीच्या पाठीला धरून हसली, मग जमिनीवर बसून हसली. "कुटुंब सोबत नाही," ती डोळे पुसत म्हणाली, "बिचारे एकटेच येणार." काकांनी मात्र पत्र गंभीरपणे वाचलं. म्हणाले, लागू नावाचे एक गृहस्थ आमच्या धरणावर होते, हा त्यांचा नातू असेल, माणसं सज्जन आहेत, तुम्ही काळजी करू नका. मी त्यांना सगळं पहिल्यापासून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पण मग लागू कोण?

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बागखात्यात गेलो. कारकुनाने ऐकलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. म्हणाला, नावात दुरुस्ती म्हणजे नवा अर्ज आणि नव्या अर्जाला एकवीस दिवस. शिवाय लागूसाहेब येणार नसतील तर निमित्तच संपलं, आणि निमित्त नाही तर परवानगी नाही. एकवीस दिवसांनी बालवाडीला सुटी लागणार होती. मग तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "पण येणार ना साहेब? कारण आमचे अधीक्षक कालपासून बागेतच आहेत. वरून कुणी पाहणीला येतंय म्हणून."

मला खुर्चीवरचा तो फ्रॉक दिसत होता. कोपरावर विरलेला, घडी करून ठेवलेला. मी आयुष्यात खोटं लिहिलेलं नाही, कचेरीत तर नाहीच. पण तिथे उभं राहून मी म्हणालो, "येतील. वसंत नक्की येतील." हे अक्षरशः खोटं नव्हतं. तरी बाहेर पडताना कोपराने दार उघडायचं विसरलो, यावरून माझी अवस्था लक्षात यावी.

बागेच्या दिवशी सकाळी बाई, बावीस मुलं, काका, त्यांचं तारेचं कडं, चार टोपली जुनी भांडी आणि मी असे फाटकापाशी पोचलो आणि मला वाटलं, आपण चुकून दुसरीकडे आलो. पाचोळा नव्हता. एक पान खाली पडलेलं नव्हतं. सगळा पाचोळा अकरा पोत्यांत भरून भिंतीशी ओळीने उभा होता आणि पोत्यांची तोंडं सुतळीने बांधलेली होती. झोपाळ्यांवर 'ओला रंग, हात लावू नये' असे कागद होते. ज्या झाडाखाली मुंग्यांची रांग असते तिथे पांढरी पावडर टाकलेली. आणि आमचा मातीचा कोपरा, ज्याच्यासाठी मी हा सगळा घाट घातला, त्याच्यावर भली मोठी सतरंजी पसरलेली होती. सतरंजीच्या टोकाला सोफा, सोफ्यापुढे टेबल, टेबलावर पुष्पगुच्छ आणि झाकण घातलेला पाण्याचा पेला. वसंत ऋतूच्या स्वागतासाठी बागेतून वसंत ऋतू झाडून काढला होता.

अधीक्षक पुढे आले. उंच माणूस, ठेवणीतला कोट, मिशा ताज्या काळ्या केलेल्या. त्यांनी मला नमस्कार केला आणि विचारलं, साहेब कुठवर आलेत. मी म्हणालो, वाटेत आहेत. माझ्या डोक्यावर झाडाला कोवळी तांबूस पालवी आली होती, म्हणजे साहेबांना येऊन खरं तर पंधरवडा झाला होता. पण सांगणार कुणाला?

साहेब येईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही, असं ठरलं. मुलांना सतरंजीच्या कडेला रांगेत बसवलं. साडेचार वर्षांच्या मुलाला न हलता बसवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला सांगायला नको. दहा मिनिटांत एकाला शू लागली. त्याच्याबरोबर आणखी चौघांना लागली. ते आल्यावर जे गेले नव्हते त्यांना लागली. सतरंजी खालून ओली आहे असं एका मुलाने जाहीर केलं आणि ते खरं निघालं, कारण धूळ उडू नये म्हणून माळी पहाटेपासून त्या कोपऱ्यावर पाणी मारत होता. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात सात ओळींचा ठराव होता. बिट्टी रांगेच्या अगदी टोकाला, जुन्या फ्रॉकमध्ये, दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. बालवाडीतल्या बाकासारखीच. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. एका वाक्याच्या तोऱ्यापायी मी तिचा दिवस घालवला होता.

चाळीस मिनिटं झाली. अधीक्षकांनी तीनदा घड्याळ बघितलं, दोनदा पेल्यावरचं झाकण नीट केलं. मग रिकामा वेळ सत्कारणी लावावा म्हणून ते मुलांपुढे वाकले आणि मोठ्या आवाजात विचारलं की आज आपल्याकडे कोण येणार आहे बरं.

"वसंत," मुलं एका सुरात ओरडली. बाईंनी आठवडाभर तयारी करून घेतली होती.

अधीक्षक दचकले. मोठ्या माणसांचं नुसतं नाव घ्यायचं नाही, असं त्यांनी मुलांना समजावलं. लागूसाहेब म्हणायचं. मुलांना काय, त्यांनी लागूसाहेब म्हटलं. पुन्हा म्हणा म्हटल्यावर पुन्हा म्हटलं.

तेवढ्यात रांगेच्या टोकाला बिट्टी उभी राहिली. दप्तर खाली पडलं, ते तिने उचललं नाही.

"वसंत माणूस नाहीये," ती म्हणाली.

अधीक्षक कमरेत वाकलेलेच होते, तसेच तिच्याकडे वळले. "मग कोण आहे?"

"ऋतू आहे. पानं येतात ना, तो. बाबांनी अर्जात त्याचा माणूस केला."

एकवीस माना माझ्याकडे वळल्या. बाईंची वळली, माळ्याची वळली, अधीक्षकांची सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश वळली. खरं सांगतो, माझी अब्रू तिथे सतरंजीवर सगळ्यांसमोर पडली होती आणि मला तिची पर्वा नव्हती. सात महिने जिने बालवाडीत चार शब्द सलग उच्चारले नाहीत, ती पोरगी भर बागेत, एका कोटवाल्या अधिकाऱ्याला, चूक दाखवत होती. आणि मुद्दा बरोबर होता. शिवाय माझ्या सबंध अर्जापेक्षा सुटसुटीत होता.

मी अधीक्षकांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ऋतुराज सांगितला, अरुंद रकाना सांगितला, 'लागू' इकडे आणि 'नाही' तिकडे कसं गेलं तेही सांगितलं. त्यांनी खिशातून पत्राची प्रत काढली. नाव वाचलं. मग खाली स्वतःची सही वाचली. सही त्यांनी बराच वेळ वाचली.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी म्हणालो, माझ्या बायकोला, तुमच्या कारकुनाला आणि या काकांना. तेवढ्यात काका मधे पडून म्हणाले की आपल्याला अजून नीट कळलेलं नाही.

"आणि वर?"

"वर कुणाला नाही."

ते पुष्पगुच्छाकडे बघत उभे राहिले. कचेरीतला माणूस अडचणीत असला की मी लगेच ओळखतो, आणि तो त्यातून वाट काढतो तेव्हा मान आपोआप लवते. अधीक्षकांनी कोटाची बटणं काढली, खाकरले आणि मागे वही घेऊन उभ्या असलेल्या त्याच कारकुनाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "लागूसाहेब येऊन गेले. पाहणी झाली. त्यांनी समाधान व्यक्त केलं. सतरंजी गुंडाळा."

सतरंजी उचलली आणि खाली जो चिखल निघाला, तो मी अर्ज करून मागितला असता तरी मिळाला नसता. पहाटेपासून मुरलेला, काळा, लोण्यासारखा. मुलं क्षणभर नुसती बघत राहिली. मग त्यातला एक जण बूट न काढताच आत गेला आणि मागोमाग सगळे गेले. माळी तीन दिवस मान मोडून पाचोळा भरत होता, त्याने कुणाला न विचारता पहिल्या पोत्याची सुतळी सोडली आणि पोतं उलटं केलं. "भरायला सांगताना कुणी काही विचारलं नव्हतं," तो म्हणाला, आणि दुसरं पोतं सोडलं. अकराव्या पोत्यापर्यंत त्याचा चेहरा पाच वर्षांनी लहान झाला होता.

कार्यक्रमाचं मिनिटवार वेळापत्रक माझ्या खिशात होतं, ते खिशातच राहिलं. काकांच्या कड्यातून फुगे निघत होते आणि काका त्यांचा व्यास सांगत होते, पण मुलं ते ऐकायच्या आत फोडत होती. एका मुलीने अधीक्षकांना चिखलाचा लाडू वाढला, तो त्यांनी साहेबांच्या टेबलावर, पेल्याशेजारी, अदबीने ठेवला. बाई भांडी वाटत होत्या. मी कडेकडेने, विजार सांभाळत, व्यवस्था बघत होतो. व्यवस्था बघता बघता माझा पाय घसरला आणि मी सगळ्यांच्या देखत, पत्रव्यवहार विभागाच्या संपूर्ण प्रतिष्ठेसकट, चिखलात बसलो. कोपरापर्यंत हात आत गेले. उठायची घाई करणार होतो, पण एक गोष्ट सांगतो, चिखल गार असतो. फार बरं वाटतं. मी थोडा वेळ तसाच बसलो.

तिथूनच मला बिट्टी दिसली. ती चिखलाच्या काठावर, दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होती. तिच्यासमोर दोन वेण्यांची, पुढचा एक दात पडलेली एक मुलगी उकिडवी बसून खोदत होती. त्या मुलीला गांडूळ सापडलं. तिने ते चिमटीत धरून वर केलं आणि बिट्टीला म्हणाली, "हात पुढे कर. माझ्याकडे जागा नाहीये."

बिट्टीने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझे हात कोपरापर्यंत काळे होते. मी लगेच झाडाकडे तोंड केलं आणि पालवी बघू लागलो. त्या पालवीत त्या वेळी मला काहीही दिसत नव्हतं.

पुन्हा बघितलं तेव्हा गांडूळ बिट्टीच्या ओंजळीत होतं आणि ती ओरडत होती. भीतीने नाही. ते गुदगुल्या करतंय, असं ती त्या मुलीला सांगत होती. ती मुलगी म्हणाली, त्याला घर पाहिजे. बिट्टी म्हणाली, दोन खोल्यांचं पाहिजे. आणि ती गुडघ्यांवर चिखलात उतरली. आणखी एक मुलगा आला, त्याला भिंतीचं काम मिळालं. दप्तर कुठे होतं कोण जाणे.

अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. बाईंनी हात धुवायची बादली आणली. बाकीची मुलं एकेक करून धुऊन आली, ही तिघं हलेनात. मी उठलो. बिट्टीच्या गालावर, कानात, भुवईवर चिखल वाळत होता. मी खिशातून रुमाल काढून तिच्याजवळ गेलो आणि वाकून म्हणालो, "आण बिट्टी, तोंड पुसतो. मी पण लावू का हात? छप्पर राहिलंय ना?"

तिने वरही बघितलं नाही. "तू नको ना, बाबा," ती म्हणाली. "आम्ही घर बांधतोय."

आम्ही. घरी ती नेहमी 'आपण' म्हणते. आपण जेवू या, आपण जाऊ या, आपण उशांची शाळा घेऊ या. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत येतो आणि 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो, हे एकोणीस वर्षं मसुदे लिहिणाऱ्याला कुणी शिकवायला नको. त्या दोन खोल्यांच्या घरात ती होती, दोन वेण्यांची होती, भिंतवाला होता, गांडूळ होतं. मी नव्हतो.

मी तीन पावलं मागे सरकलो आणि रुमाल डोळ्यांना लावला. बसलो तेव्हा तोही माझ्याबरोबर चिखलात बसला होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

बाई बादली घेऊन जवळ आल्या. "काय झालं, बिट्टीचे बाबा?"

"काही नाही," मी म्हणालो, "डोळ्यांत चिखल गेला."